मांजराला न उघडणारं दार

आमच्या घरात मांजराला सासूबाई म्हणतात. नाव बाबांनी ठेवलं. धाकट्या भावाचं लग्न झालं तेव्हा आई जाऊन बराच काळ लोटला होता. नवी सून घरात आली, तर हे राखाडी मांजर उंबऱ्यात हातपाय पसरून बसलेलं, हलायचं नाव नाही. बाबा म्हणाले, "सूनबाई, घरात सासू नाही म्हणून हळहळू नकोस. ही आहे." सगळे हसले आणि ते नाव चिकटलं. चिकटायला कारणही होतं. बाजारातून कुणी आलं की सासूबाई पिशवीत डोकं घालून काय आणलंय ते बघतात, आणि बघून झालं की काही न बोलता पाठ फिरवतात.

मी या घरातली थोरली. पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझं शिलाई मशीन आहे. पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे असली कामं मी करते. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्या बायका आता विचारून विचारून दमल्या. धाकटा दुकानांना माल पोचवणाऱ्या गाडीवर असतो, सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो. भावजय दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात दिवा धरून उभी असते, त्यामुळे तिला घरात बोलायला आवडतं आणि हात धुवायला त्याहून जास्त आवडतं. बाबांचं बाजारात कुलपांचं दुकान होतं. किल्ल्या करणं, अडकलेली कुलपं उघडणं, दारांना नवी बसवणं. ते दुकान त्यांनी बंद केलं. "आता लोक कुलूप दुरुस्त करत नाहीत, फेकून देतात," एवढंच म्हणाले, आणि तेही आम्हाला पटलं.

बाळ होणार हे कळलं तेव्हा मागची खोली रिकामी करायचं ठरलं. तिथे माझे कापडाचे तागे असायचे. ते मी माझ्या पलंगाखाली घातले आणि कुरकुरले नाही, हे नोंदवून ठेवते, कारण एरवी मी कुरकुरते. खोलीला रंग झाला. खिडकीला बारीक जाळी ठोकली, कारण शेजारचा एक बोका पाइपावरून चढतो आणि त्याला आपपर नाही. मग एका संध्याकाळी जेवताना भावजयीने विषय काढला.

"बाबा, रागावू नका. पण त्या खोलीत मांजर नको."

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तिला सांगितलं होतं की मांजर तान्ह्या बाळाच्या छातीवर बसतं आणि श्वास ओढून घेतं. तिचा त्यावर विश्वास नव्हता. पण एकदा कानात पडलेलं बाहेर थोडंच निघतं. शिवाय तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं होतं की केस असतात, नखं असतात, काळजी घ्या.

"नको तर नको," बाबा म्हणाले. "दार आहे."

"दार तुमची सासूबाई उघडते. मी स्वतः पाहिलंय. उडी मारून दांड्याला लोंबकळते."

"मग दुसरं बसवतो."

"बसवा. पण एकदा जरी ती आत सापडली ना बाबा, तर तिला कुणाकडे तरी देऊन टाकायची. हे आत्ताच ठरवू."

बाबांनी भाताचा घास संपवला. मग शांतपणे म्हणाले, "ठरलं. फक्त ज्या पिशवीत तिला घालाल त्यात माझेही दोन कपडे घाला. मीही तिच्याबरोबर जाईन."

धाकटा हसला. मी हसले नाही. आमचे बाबा थट्टा करतात तेव्हा हसतात, आणि त्या वेळी ते हसले नव्हते. आई गेल्यापासून ते मांजर रात्री त्यांच्या पायाशी झोपतं. सकाळी ते उठतात तेव्हा पहिलं बोलणं तिच्याशी होतं, आमच्याशी नंतर. ते कुठेतरी भाड्याची खोली घेऊन मांजर मांडीवर ठेवून बसतील, हे मला अगदी डोळ्यांसमोर दिसलं. भावजयीलाही दिसलं असावं, पण ती मागे हटली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही हटले नसते.

म्हणून मग दाराचं काम सुरू झालं.

वरून कडी घाला की झालं, असं मी सुचवलं. बाबांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मशीनवर जाऊन बसले. कडी कुणीही घालतं आणि कुणीही घालायला विसरतं, असं त्यांचं म्हणणं. दार आपोआप बंद झालं पाहिजे, आपोआप लागलं पाहिजे, आवाज करता कामा नये, आणि माणसाला एका हाताने उघडता आलं पाहिजे, कारण दुसऱ्या हातात बाळ असणार. इतका विचार त्यांनी दुकानातही कुणा गिऱ्हाइकासाठी केला नसेल.

त्यांची कामाची एक रीत होती. नवं कुलूप केलं की ते आधी स्वतः चोर होऊन उघडायला बघायचे. ज्याला आत जायची हाव आहे त्याच्या हातात दिल्याशिवाय कुलूप तपासलं असं म्हणायचंच नाही, हे त्यांचं ब्रीद. आता इथे चोर सासूबाई. पण अडचण अशी की सासूबाईंना त्या खोलीत काडीचा रस नव्हता. रंगाचा वास, रिकामी फरशी, बसायला गादी नाही. त्या दारापर्यंतसुद्धा यायच्या नाहीत.

"हाव लावायला पाहिजे," बाबा म्हणाले, आणि स्वयंपाकघरातून उकडलेल्या माशाचा तुकडा बशीत घालून मागच्या खोलीत खिडकीखालच्या कोपऱ्यात ठेवून आले.

भावजय तेव्हा कामावर असायची. तिला त्या दिवसांत वासाचा इतका त्रास व्हायचा की आमटीला फोडणी द्यायची तरी आधी तिला विचारावं लागे. बाळाच्या खोलीत मासा ठेवतोय हे तिला कळलं असतं तर आम्हा दोघांचीही धडगत नव्हती. म्हणून मी फरशी पुसायची, खिडकी उघडी ठेवायची, आणि ती यायच्या आत बशी धुऊन जागेवर. उतारवयात बापाबरोबर चोऱ्या करायची पाळी आली माझ्यावर.

सासूबाई आधी दांड्याला लोंबकळल्या. बाबांनी दांडा उलटा बसवून घेतला, म्हणजे खाली ओढून नाही, वर उचलूनच दार उघडेल. सासूबाई दोन दिवस विचारात होत्या. मग चपलांच्या मांडणीवर चढल्या आणि डोक्याने दांडा वर ढकलला. मासा खाऊन तिथेच अंग चाटत बसल्या. बाबांनी मांडणी हलवली नाही. "उद्या तिथे कुणीतरी स्टूल ठेवेल, मग?" असं म्हणून त्यांनी दांड्याच्या बाजूला एक बटण बसवलं. बटण अंगठ्याने दाबून धरायचं आणि दाबलेलं असतानाच दांडा उचलायचा. सासूबाईंनी बटणावर पंजा ठेवून सगळा भार टाकला आणि डोक्याने दांडा उचलला. झालं, पुन्हा मासा गेला. तेव्हा बाबांनी जुन्या तिजोरीच्या कुलपातली स्प्रिंग शोधून काढली आणि बटणामागे ती घातली.

हे सगळं 'बाबांनी' केलं असं मी म्हणते, पण स्क्रू पिळले धाकट्याने, सुट्टीच्या दिवशी. बाबा स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. "डावीकडे घे. अरे, डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे." आणि दार उघडून बघायची वेळ आली की मला हाक. "जरा उघड ग. माझ्या हाताला ग्रीस आहे." मी मशीन थांबवायची, टाका अर्धवट सोडायचा, आणि जाऊन दार उघडायचं. दर वेळी यांच्या हाताला ग्रीस. मी एकदा म्हटलंसुद्धा, आयुष्यभर दुकानात लोकांना राबवलंत, आता घरातले राबवा. त्यावर ते हात फडक्याला पुसत राहिले.

तिजोरीच्या स्प्रिंगपुढे सासूबाई हरल्या. मासा आत, त्या बाहेर. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला दुसरा तुकडा बाहेरच दिला.

मग बाळ आलं. मुलगी झाली. दवाखान्यातून आणली तेव्हा कापडात गुंडाळलेली होती आणि कपाळ तेवढं दिसत होतं, अगदी बाबांचं कपाळ. तिला मागच्या खोलीत पाळण्यात ठेवली, भावजयीने दार सोडलं, आणि ते आवाज न करता लागलं. धाकटा म्हणाला, "बाबा, मानलं." बाबा मान खाली घालून हसले.

आणि सासूबाई येऊन दारासमोर बसल्या.

त्या दिवसापासून त्या तिथून उठेनात. ऊन सरकलं की तेवढ्या सरकायच्या, पण तोंड दाराकडे. आत बाळ रडलं की कान ताठ. भावजय दार उघडायची तेव्हा उठून उभ्या राहायच्या आणि तिच्या पायांमधून आत डोकावायच्या. ती एका पायाने त्यांना मागे लोटायची.

"बघा ताई," ती मला म्हणाली. "मी काही उगाच बोलत नव्हते. कशी टपून बसते बघा बाळावर."

मला चांगलं ठाऊक होतं सासूबाई कशावर टपल्या होत्या ते. ज्या खोलीकडे त्या ढुंकून बघत नव्हत्या, ती घरातली सगळ्यात चांगली खोली आहे हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं. मी बाबांना बाजूला घेऊन म्हटलं, सांगून टाकू तिला. ते म्हणाले, "नको. तिच्या लेकराच्या खोलीत मासे ठेवले म्हटल्यावर ती आपल्यावर परत विश्वास ठेवेल का? दार पक्कं आहे. मांजर कंटाळेल."

मांजर कंटाळलं नाही. उलट बाबाच त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसायला लागले. मांजर खाली, बाबा वर, दोघांचं तोंड दाराकडे. भावजय मुलीला बाहेर आणायची तेव्हा ते तिला बघायचे, पायाला बोट लावायचे, गालाशी चुटकी वाजवल्यासारखं करायचे, पण ती चुटकी वाजायची नाही. आत मात्र जायचे नाहीत. एकदाच गेले होते, भावजयीच्या मागोमाग. ती पाणी आणायला बाहेर आली तेव्हा ते आतच राहिले, आणि थोड्या वेळाने आतून दार ठोठावलं. मुलगी दचकून उठली. त्यानंतर बोलावलं तरी म्हणायचे, "नको, मी आलो की ही मागे येते. मग आली का पिशवी. येईल ना ती बाहेर, तेव्हा बघतो."

भावजयीला ते लागलं. एका दुपारी दुपटी वाळत घालताना ती म्हणाली, "ताई, एका मांजरासाठी आजोबा नातीच्या खोलीत पाय ठेवत नाहीत. मी इतकं काय वाईट मागितलं होतं?" तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, ते हट्टीच आहेत, तू मनावर घेऊ नकोस. मलाही तसंच वाटत होतं. मनातून मी बाबांवर चिडले होते. चहासुद्धा ते हल्ली दोन्ही तळहातांत पेला धरून प्यायचे, लहान मुलासारखा, आणि मला वाटायचं की आता सगळीच सोंगं सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात माझा करड्या रंगाचा दोरा संपला. धाकटा कामावर, मुलगी झोपलेली, भावजय न्हायला गेलेली. मी बाबांना सांगून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. परत येताना जिन्यातच मुलीचं रडणं ऐकू आलं. साधं रडणं नव्हतं. श्वास अडकून पुन्हा सुटतो ना, तसलं. न्हाणीघरातला नळ जोरात चालू होता, भावजयीला काहीच ऐकू जात नसणार.

मी दार ढकलून आत आले, तर बाबा मागच्या खोलीच्या दाराशी उभे होते. त्यांनी एका हाताची मूठ बटणावर टेकली होती आणि दुसऱ्या हाताने ती मूठ दाबत होते. मग कोपर लावून पाहिलं. मग तळहाताची कड. बटण थोडं आत जायचं, पण दांडा उचलायला हात काढला की बाहेर यायचं. त्यांच्या पायाशी सासूबाई मागच्या दोन पायांवर उभ्या राहून दार ओरबाडत होत्या. दोघांचं एकच काम चाललं होतं आणि दोघांनाही ते जमत नव्हतं.

आणि बाबा बोलत होते. आवाज अगदी साधा, गिऱ्हाइकाला थांबवून ठेवताना असायचा तसा.

"थांब, येतोय. थांब हां बाळा. तुझ्या आजोबाने दार जरा जास्तच चांगलं केलंय. थांब, येतोय."

मी दोरा खाली टाकून पुढे झाले. तेवढ्यात नळ बंद झाला आणि भावजय ओल्या केसांनी धावत बाहेर आली. तिनेही त्यांना बघितलं. बाबांनी हात खाली घेतले आणि पाठीमागे नेले. "स्प्रिंग जरा कडक आहे," ते म्हणाले.

तिने अंगठ्याने बटण दाबलं, दांडा उचलला, दार उघडलं आणि आत जाऊन मुलीला उचललं. बाबा तिच्या मागे गेले आणि त्यांच्या पायांमधून सासूबाई आत गेल्या.

भावजय मुलीला छातीशी धरून उभी राहिली आणि मांजराकडे बघत राहिली. सासूबाई पाळण्याखालून सरळ पुढे गेल्या. वर मान करूनही पाहिलं नाही. खिडकीखालच्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी फरशी हुंगली, चाटली, पुन्हा हुंगली. मग वळून बाबांच्या तोंडाकडे बघितलं आणि तक्रार केल्यासारखं एकदा ओरडल्या.

"सापडली ती आत," बाबा म्हणाले. "ठरलं होतं ते ठरलं होतं. पिशवी काढतो."

"ती त्या कोपऱ्यात काय शोधतेय?" भावजयीने विचारलं.

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मासा." आणि सगळं सांगून टाकलं, चोर, हाव, बशी, पुसलेली फरशी, सगळं. भावजयीचं तोंड लाल झालं. "माझ्या मुलीच्या खोलीत मासे," ती म्हणाली. "आणि महिनाभर मला वाटतंय की मांजराला मुलगी खायचीय." ती खरंच चिडली होती, आणि चिडायला हवंच होतं. नंतर तिने ती फरशी तीनदा धुतली, आणि मला बादल्या भरायला लावल्या.

पण त्या वेळी ती बाबांसमोर येऊन उभी राहिली. "हात बघू."

"ग्रीस आहे हाताला."

"कुठलं ग्रीस? हात पुढे करा बाबा."

त्यांनी हात पुढे केला. दवाखान्यात एखाद्याला आ करा म्हणावं तशा सुरात ती म्हणाली, "अंगठा वाकवा." अंगठा वाकला नाही. मुळाशी ही एवढी गाठ होती. बोटांचे सांधे टणक झालेले. मी त्याच घरात राहते, त्याच हातात रोज चहाचा पेला देते, आणि मी तो हात नीट पाहिला नव्हता.

"कधीपासून?"

"दुकान बंद केलं तेव्हापासून," बाबा म्हणाले. "म्हणजे, दुकान त्याचसाठी बंद केलं."

मला रडू आलं नाही, राग आला. भयंकर राग. लोक कुलपं फेकून देतात म्हणे. कुलूपवाल्याची बोटं गेली आणि त्याने ते घरात कुणाला कळू दिलं नाही. मांजराचा पंजा ओळखून त्याने दार केलं, आणि आपलाही पंजा तेवढाच उरलाय हे त्याला दार पुरं झाल्यावर कळलं. आणि कळल्यावरही सांगितलं नाही. स्टूल घेऊन बाहेर बसला. मी हे सगळं त्यांना तोंडावर म्हणाले, आवाज चढवून. ते म्हणाले, "हळू बोल, मुलगी घाबरेल."

"मग स्प्रिंग का नाही काढून टाकलीत?" मी विचारलं.

"मग मांजर आत गेलं असतं. आणि मांजर गेलं असतं तर..." त्यांनी पुढचं सोडून दिलं.

भावजयीच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. ती म्हणाली, "बाबा, खुर्चीवर बसा. मला केस पुसायचेत." ते बसले. तिने त्यांचे दोन्ही हात कोपरापासून जुळवले आणि मुलीला बोटांवर नाही, कोपरांच्या वाकणात ठेवली. "इथे बोटं लागतच नाहीत," ती म्हणाली. मुलगी उचकी देत थांबली आणि त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघायला लागली. सासूबाई कोपरा सोडून आल्या आणि त्यांच्या पायावर बसल्या. भावजयीने ते बघितलं, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि पिशवीचा विषय काढला नाही. पुढेही कधी काढला नाही.

स्प्रिंग आणि बटण दोन्ही मी काढून टाकली. स्क्रू कुठला आणि पिळायचा कुठे हे बाबा नातीला घेऊन बसल्या जागेवरून सांगत होते, आणि मी चुकले की सुस्कारा टाकत होते. आता दार कोपराने दांडा वर केला की उघडतं. सासूबाईंनाही उघडतं. पहिले काही दिवस त्या आत जाऊन कोपरा हुंगून यायच्या. तिथे काही मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी जाणं सोडलं, आणि आता त्या दुपारी माझ्या शिवायच्या कपड्यांवर झोपतात, जिथे त्या मुळात झोपायच्या. पाळण्याला मी बारीक जाळी शिवून दिली आहे. चेन मागच्या बाजूला आहे, आणि तिला मोठी कापडी कडी लावलीय, मनगट जाईल एवढी.

मुलगी रडली की पुढच्या खोलीत स्टूल सरकल्याचा आवाज होतो. "थांब, येतोय," बाबा म्हणतात, आणि जातात.